क्रीम-शॅम्पूमधलं प्रिझर्व्हेटिव्ह: का घालतो, कुठलं घालतो आणि तुम्ही काय बघायचं

"तुमच्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह आहे का हो?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा येतो की आता एकदाच नीट लिहून ठेवतोय. हो, आहे. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे क्रीममध्ये जंतू-बुरशी वाढू न देणारं द्रव्य. ज्या प्रॉडक्टमध्ये पाणी आहे त्या प्रत्येकात आहे, लेबलवर नावासकट छापलेलं आहे आणि ते काढून टाकायचा आमचा काही विचार नाही. हे ऐकून बरेच जण "मग राहू दे" म्हणतात, त्यात त्यांचा दोष नाही, जाहिरातींनीच लोकांच्या मनात बसवून दिलंय की प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी घुसडलेलं काहीतरी वाईट. सोय आमची होतेच, खोटं कशाला बोला, माल खराब होऊन परत आला तर फटका आम्हालाच बसतो. पण तो परत येईपर्यंत तुमच्या चेहऱ्यावर लागलेला असतो ना.

सगळा घोळ पाण्याचा

लोशन, क्रीम, फेसवॉश, टोनर, जेल, काहीही घ्या आणि मागची लिस्ट वाचा, पहिलं नाव बहुतेक वेळा पाणी किंवा 'अॅक्वा' असतं, कारण लिस्ट जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहायची असते. पाण्यासोबत ग्लिसरीन, कोरफडीचा अर्क, प्रोटीन वगैरे त्वचेसाठी म्हणून जे जे चांगलंचुंगलं आपण घालतो ते जंतूंनाही तितकंच आवडतं. त्यामुळे पाण्याचं क्रीम प्रिझर्व्हेटिव्हशिवाय ठेवलं तर ते खराब होईल का हा प्रश्नच नाही, कधी होईल एवढाच प्रश्न, आणि बऱ्याचदा ते काही दिवसांतच होतं.

नुसत्या तेलाचं किंवा तेल-मेणाचं जे असतं, म्हणजे बाम, केसांचं तेल, मेकअप काढायचा ऑइल बाम, त्यात पाणीच नाही म्हणून जंतू वाढत नाहीत, आमच्या बाममध्येही प्रिझर्व्हेटिव्ह नाही. मग त्यात व्हिटॅमिन ई कशाला, असं विचारतात. ते तेल खवट होऊ नये म्हणून, हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेल बिघडतं ते त्याने लांबतं. जंतूंवर त्याचा काही उपयोग नाही. घरी क्रीम बनवायच्या व्हिडिओत "व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून टाका, क्रीम टिकेल" असं सांगतात ते साफ चुकीचं आहे. आणि साखर-तेलाचा स्क्रब मात्र फसवा, बनवताना पाणी नसतं पण तुम्ही बाथरूममध्ये ओल्या हाताने डबीत बोटं घालता, म्हणून आम्ही त्यात थोडं प्रिझर्व्हेटिव्ह घालतोच.

क्रीमच्या डबीत बुरशी बहुतेकदा कुठे सुरू होते ते सांगतो. गरम-थंड होताना झाकणाच्या आतल्या बाजूला वाफ धरते, तिचे थेंब क्रीमवर पडतात, तेवढ्या एका जागी वरचा थर पातळ होतो, तिथलं प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं आणि बुरशीला पाय ठेवायला जागा मिळते. म्हणून क्रीम गरम असताना डबी बंद करायची नाही हा आमच्याकडे पक्का नियम आहे. पण बुरशी निदान दिसते तरी, काळे-हिरवे ठिपके दिसले की कुणीही डबी फेकेल. बॅक्टेरिया दिसत नाहीत, एका ग्रॅममध्ये लाखो झाले तरी क्रीम तसंच पांढरंशुभ्र आणि वासही छान. "मी वास घेऊन बघतो, चांगलं आहे" हे आम्हाला म्हणूनच पटत नाही.

यातला सगळ्यात वांड जंतू म्हणजे स्युडोमोनास एरुजिनोसा, याला नुसतं पाणी आणि जरासं काहीतरी मिळालं तरी पुरतं. निरोगी त्वचेवर फार काही करत नाही, पण जखमेत, ओरखड्यात किंवा डोळ्यात गेला तर कठीण. १९७०च्या दशकात अमेरिकेत दूषित मस्कारामुळे लोकांच्या बुबुळावर जखमा झाल्याच्या केसेस मेडिकल जर्नलमध्ये छापून आल्यात, मस्काराचा ब्रश डोळ्याला लागून ओरखडा गेला आणि त्यातून हाच जंतू आत शिरला. नजर गेलेली माणसं आहेत त्यात. म्हणून डोळ्याच्या आसपास लावायच्या आणि तीन वर्षांखालच्या बाळांच्या प्रॉडक्टला नियम जास्त कडक: आयएसओ १७५१६ या स्टँडर्डप्रमाणे इतर प्रॉडक्टमध्ये ग्रॅममागे १००० पर्यंत जंतू चालतात, इथे फक्त १००.

कुठलं घालायचं हे पीएचवर ठरतं

एकच प्रिझर्व्हेटिव्ह सगळीकडे चालत नाही आणि इथेच आमची खरी डोकेफोड असते. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही दोन नावं तुम्ही खाण्याच्या पाकिटांवरही वाचली असतील, लोकांना ती ओळखीची म्हणून बरी वाटतात, आम्हालाही आवडतात. पण ती काम करतात फक्त आंबट बाजूला, आणि आंबटपणाचं माप म्हणजे पीएच, आकडा जितका कमी तितकं आंबट. सोडियम बेंझोएट पाण्यात गेलं की त्याचं जे बेंझोइक अॅसिड होतं, त्याचा जो भाग जंतूच्या आत शिरू शकतो तो पीएच ४.२ ला साधारण निम्मा असतो, पीएच ५ ला १४ टक्क्यांच्या आसपास आणि पीएच ६ ला जेमतेम दीड टक्का. म्हणजे पीएच साडेसहाच्या लोशनमध्ये सोडियम बेंझोएट टाकून कुणी निर्धास्त झालं असेल तर लेबलवर नाव आहे, पण आत संरक्षण जवळपास शून्य. आमच्या फेसवॉश आणि टोनरमध्ये ही जोडी आहे, आणि पीएच ५ च्या वर जाऊ नये म्हणून प्रत्येक बॅचला मीटर लावून बघतो, थोडा जरी वर असला तरी लॅक्टिक अॅसिड घालून खाली आणतो, मगच बाटलीत भरतो.

क्रीम आणि बॉडी लोशनमध्ये फिनॉक्सिइथेनॉल वापरतो. त्याला पीएचचं फारसं काही पडलेलं नसतं, बॅक्टेरियावर चांगलं चालतं पण बुरशीवर जरा कमी, म्हणून सोबत एथिलहेक्सिलग्लिसरीन घालतो, ते मदतनीस. युरोपियन युनियनच्या नियमात फिनॉक्सिइथेनॉल जास्तीत जास्त १ टक्का चालतं आणि आम्हीही त्याच्या आतच राहतो. जाता जाता एक गंमत सांगतो, लिस्टमध्ये १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात, म्हणून फिनॉक्सिइथेनॉल नियमात असेल तर त्याच्या मागे आलेला प्रत्येक घटक १ टक्क्याच्या आतच असणार हे धरून चाला. पुढच्या वेळी बाटलीवर मोठ्या अक्षरात कुठल्या तरी भारी फुलाचं नाव असेल तर ते मागच्या लिस्टमध्ये कुठे आलंय तेवढं बघा, हसू येईल.

आणखी एक भानगड असते. प्रिझर्व्हेटिव्ह प्रमाणात घातलं म्हणजे ते कामाला लागलंच असं नाही. जंतू वाढतात क्रीमच्या पाण्याच्या भागात, आणि पॅराबेनसारखी काही प्रिझर्व्हेटिव्ह तेलात जास्त विरघळतात, मग तेल भरपूर असलं की ती तिकडेच जाऊन बसतात. पॉलिसॉर्बेट ८० हे तेल-पाणी एकत्र धरणारं द्रव्य तर काही प्रिझर्व्हेटिव्हना असं निकामी करतं की लॅबमध्ये टेस्टच्या वेळी प्रिझर्व्हेटिव्हचा परिणाम थांबवायला मुद्दाम तेच वापरतात. म्हणून नुसता फॉर्म्युला कागदावर बघून कुणी सांगू शकत नाही, टेस्ट करावीच लागते.

ती टेस्ट म्हणजे चॅलेंज टेस्ट, आयएसओ ११९३० प्रमाणे. तयार क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडतात, स्युडोमोनास, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय, कँडिडा नावाचं यीस्ट आणि अॅस्परजिलस नावाची काळी बुरशी, बॅक्टेरिया तर ग्रॅममागे लाखांत, आणि मग ७व्या, १४व्या, २८व्या दिवशी किती उरले ते मोजतात. बॅक्टेरिया ७ दिवसांत हजारपटीने कमी झाले पाहिजेत आणि नंतर परत वाढायला नकोत. महिनाभर लागतो आणि छोट्या फर्मला खर्चही जाणवतो, म्हणून पुष्कळ लोक ती करत नाहीत. आमच्याकडूनच घ्या असं म्हणत नाही, पण कुणाकडूनही घ्या, "चॅलेंज टेस्ट केलीय का?" एवढं विचारा. "प्रिझर्व्हेटिव्ह आहे का?" यापेक्षा हा प्रश्न कितीतरी कामाचा आहे, आणि समोरचा गडबडला की काय ते कळतं.

पॅराबेनचं काय?

आम्ही पॅराबेन वापरत नाही, पण ती विषारी आहेत म्हणून नाही, लोक लेबलवर नाव वाचून बाटली खाली ठेवतात म्हणून. सरळ सांगितलेलं बरं.

पॅराबेन १९२०च्या दशकापासून वापरात आहेत. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या फिलिपा डार्बर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांमध्ये पॅराबेन सापडल्याचं लिहिलं आणि तिथून बोंबाबोंब सुरू झाली. त्या अभ्यासात निरोगी भागाशी तुलना नव्हती आणि पॅराबेनमुळे कॅन्सर झाला असं त्यात सिद्ध झालेलं नव्हतं, पण बातमी तशीच फिरली. पॅराबेनचा इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखा थोडा परिणाम प्रयोगशाळेत दिसतो हे खरंय, शरीरातल्या इस्ट्रोजेनपेक्षा हजारो पटींनी कमजोर, आणि रेणूची साखळी लांब होत जाते तसा तो वाढतो. म्हणून युरोपने सरसकट बंदी न घालता वेगवेगळे नियम केले: मिथाइल आणि इथाइल पॅराबेन प्रत्येकी ०.४ टक्क्यांपर्यंत, प्रोपिल आणि ब्युटिल मिळून ०.१४ टक्के, आणि आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल, फिनाइल, बेंझिल, पेंटिल या पाचांवर २०१४ मध्ये बंदी, तीही त्यांच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती कंपन्यांनी दिली नाही म्हणून.

पण खरा किस्सा त्याच्या पुढचा. 'पॅराबेन फ्री' लिहायचं तर दुसरं काहीतरी घालायला हवं, मग अनेक कंपन्या मिथाइलआयसोथायझोलिनोनकडे वळल्या, थोडक्यात एमआय. युरोपात २००५ पासून ते एकट्याने वापरायला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच स्किनच्या डॉक्टरांकडे त्याच्या अॅलर्जीचे पेशंट वाढायला लागले, चेहऱ्यावर, हातावर, ओले वाइप्स वापरले तिथे तिथे पुरळ. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ मध्ये एमआयला 'अॅलर्जन ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला अॅलर्जी देणारा घटक केलं, आणि २०१९ मध्ये याच सोसायटीने पॅराबेनला 'नॉन-अॅलर्जन ऑफ द इयर' म्हणून निवडलं! युरोपात आता लावून ठेवायच्या प्रॉडक्टमध्ये एमआय बंद आहे आणि धुऊन टाकायच्यात ०.००१५ टक्क्यांपर्यंतच चालतं. म्हणजे शंभरातल्या बहुतेकांना ज्याचा काही त्रास नव्हता ते काढलं आणि त्रास देणारं आणलं, फक्त लेबल छान दिसावं म्हणून. म्हणूनच 'अमुक फ्री, तमुक फ्री' वाचलं की आम्ही आधी विचारतो, मग त्याच्या जागी घातलं काय.

'प्रिझर्व्हेटिव्ह फ्री' लिहिलेल्या पाण्याच्या क्रीममध्येही काहीतरी असतंच. कॅप्रिलिल ग्लायकॉल, १,२-हेक्झेनडायॉल, पेंटिलिन ग्लायकॉल ही नावं दिसली तर समजा की जंतू रोखायचं काम ती करतायत, फक्त नियमाच्या यादीत ती प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून नाहीत. द्रव्यं वाईट नाहीत, दावा मात्र चलाखीचा आहे. ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्टचं तर विचारूच नका, बाजारातले काही नमुने तपासले तेव्हा त्यात बेंझेथोनियम क्लोराइड आणि ट्रायक्लोसान अशी कृत्रिम द्रव्यं निघाली, आणि १९९९ मध्ये तपासलेल्या सहापैकी ज्या एकात असलं काही नव्हतं त्याने जंतू मेलेच नाहीत. सुगंधी तेलांनी जंतू मरतात पण त्यासाठी ती इतकी घालावी लागतात की त्वचाच बोंब मारते.

फॉर्माल्डिहाइड हळूहळू सोडणारी जी प्रिझर्व्हेटिव्ह असतात, डीएमडीएम हायडेन्टोइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, क्वाटर्नियम-१५, ती आम्ही वापरत नाही, कारण फॉर्माल्डिहाइडची अॅलर्जी असणारे लोक कमी नाहीत.

घरी गेल्यावर

आता तुमच्याकडची बाजू. शॅम्पू संपत आला की बाटलीत पाणी घालून हलवून चार दिवस चालवायची सवय कितीतरी जणांना असते, त्यात प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं आणि बाटली बाथरूमच्या उबेत तशीच उभी असते. पाणी घातलंत तर त्याच दिवशी संपवा. डबीतलं क्रीम कोरड्या हाताने किंवा चमच्याने घ्या आणि झाकण लगेच लावा. आमच्या क्रीममध्ये तुमचं एखादं तेल, अर्क, पावडर मिसळू नका, आमची टेस्ट जशी आहे तशा क्रीमची झालेली असते. फ्रीजमध्ये ठेवलं तर जंतू हळू वाढतात, मरत नाहीत, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं क्रीम फ्रीजमध्ये ठेवून महिनोन्महिने वापरू नका. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात '१२एम' असं असेल तर उघडल्यापासून बारा महिने, म्हणून उघडल्याची तारीख मार्करने खाली लिहून ठेवा. मस्कारा तीन महिन्यांत बदला, शिल्लक असला तरी, आणि मैत्रिणीला वापरायला देऊ नका.

काही लावल्यावर लगेच चुरचुरलं तर बहुतेकदा ती त्वचा चिडलेली असते. अॅलर्जी उशिरा येते, दोन-तीन दिवसांनी, खाज, लाली, बारीक फोड. नवीन क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघा, काही झालं नाही तर चेहऱ्यावर. पुरळ आलं तर लावणं बंद करा आणि स्किनच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट करून घ्या, पाठीवर पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि नंतर परत एकदा बघतात. दोष प्रिझर्व्हेटिव्हचा निघेल असंही नाही, सुगंधाची अॅलर्जी फार कॉमन आहे. नेमकं नाव कळलं की ते फोनमध्ये सेव्ह करा आणि आम्हालाही कळवा, आमच्या कुठल्या प्रॉडक्टमध्ये ते आहे आणि कुठल्यात नाही ते लगेच सांगतो.

आणि क्रीमचा रंग बदलला, पाणी सुटलं, आंबूस वास आला, ट्यूब फुगली, तर "वरचं काढून खालचं वापरते" असं करू नका. बॅच नंबरचा फोटो काढून पाठवा आणि ती डबी तशीच आम्हाला परत द्या, तपासायला तीच लागते.