टेलर घंटा-ओतशाळा, लफबरो

इंग्लंडच्या लेस्टरशायर काउंटीतील लफबरो या गावचा, चर्चच्या आणि सार्वजनिक मनोऱ्यांच्या घंटा ओतणारा कारखाना. 'जॉन टेलर अँड कंपनी' या नावाने तो ओळखला जातो. १७८४ पासून जवळजवळ दोनशे वर्षे तो टेलर घराण्याकडे होता. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील 'ग्रेट पॉल' ही अवाढव्य घंटा इथलीच, त्यामुळे मोठ्या घंटांसाठी या कारखान्याचे नाव झाले. पण घंटांच्या इतिहासात त्याला मान आहे तो आकारासाठी नव्हे, सुरासाठी. घंटा नुसती वाजून चालत नाही, ती स्वतःशीच सुरात असावी लागते, ही गोष्ट इंग्लंडला याच घराण्याने प्रत्यक्षात करून दाखवली.

कारखाना आपली परंपरा चौदाव्या शतकापर्यंत, लेस्टरच्या जोहान्स द स्टॅफर्ड या ओतकामगारापर्यंत नेतो. ही वंशावळ रक्ताची नाही. एका ओताऱ्याकडून दुसऱ्याकडे गेलेल्या धंद्याची ती साखळी आहे आणि जुन्या कारखान्यांच्या अशा साखळ्यांत एखाददुसरी कडी सैल असतेच. पक्की सुरुवात १७८४ ची. सेंट निओट्स या गावी एडवर्ड अर्नल्ड यांच्याकडे उमेदवारी केलेल्या रॉबर्ट टेलर यांनी त्या वर्षी तिथला धंदा हाती घेतला. पुढे त्यांच्या मुलांनी ऑक्सफर्डला आणि डेव्हनमधील बकलंड ब्रूअर या खेड्यात भट्ट्या लावल्या. अशी भटकंती त्या काळी नवलाची नव्हती. टनभर वजनाची घंटा खाचखळग्यांच्या रस्त्याने न्यायची, त्यापेक्षा ओताऱ्यानेच गावी जाऊन तिथे ओतावी, हे सोपे पडे. १८३९ मध्ये या मुलांपैकी जॉन टेलर लफबरोला आले तेही गावच्या ऑल सेंट्स चर्चच्या घंटा नव्याने ओतून देण्यासाठी. काम झाले, पण माणूस परत गेला नाही. १८५९ मध्ये ओतशाळा आजच्या जागेवर आली. तोवर जॉन वारले होते आणि धंदा त्यांचा मुलगा जॉन विल्यम टेलर यांच्याकडे आला होता.

घंटेचा धातू म्हणजे कासे : शंभरात सुमारे ७७-७८ भाग तांबे आणि उरलेले कथील. मूर्तीसाठी वापरतात त्या कांस्यापेक्षा यात कथील बरेच जास्त असते. त्यामुळे धातू कडक होतो, नाद लांबतो आणि ठिसूळपणाही येतो. तडकलेल्या घंटांच्या इतक्या कहाण्या ऐकू येतात, त्या यामुळेच. साच्याचे दोन भाग असतात. आतला गाभा घंटेच्या पोटाचा आकार ठरवतो, बाहेरचे कवच पाठीचा. दोन्हींवर वाळू, चिकणमाती, घोड्याची लीद आणि बकरीचे केस कालवून केलेला चिखल थापतात. घंटेच्या आडव्या-उभ्या वळणाप्रमाणे कापलेली फळी मध्यावर रोवून गोल फिरवली, की चिखल हव्या त्या आकारात खरवडला जातो. लीद आणि केस ऐकायला गावठी वाटतात, पण काम त्यांचेच आहे. साचा वाळवताना ते जळून बारीक छिद्रे राहतात आणि तापल्या धातूतून निघणारा वायू त्यांतून बाहेर पडतो. तसे न झाले तर वायू धातूतच अडकतो आणि घंटा सच्छिद्र होते.

घंटेवरचा मजकूरही याच वेळी उमटवायचा असतो. कवचाच्या आतल्या ओल्या मातीत अक्षरांचे ठसे एकेक करून दाबतात. ठसा सरळच असतो, पण ओळ मात्र उजवीकडून डावीकडे लावत न्यावी लागते. एखादे अक्षर हुकले, तर ते कास्यात कायमचे राहते. गाभा आणि कवच एकमेकांवर बसवून मधल्या पोकळीत सुमारे ११०० अंश सेल्सिअसचा रस ओततात. ओतण्याला मिनिटेच लागतात, निवण्याला मात्र मोठ्या घंटेच्या बाबतीत दिवसच्या दिवस जातात. घाई केली तर धातूत ताण राहतो.

ग्रेट पॉल २३ नोव्हेंबर १८८१ रोजी ओतली गेली. तिचे वजन साडेसोळा ब्रिटिश टनांहून थोडे जास्त, म्हणजे सुमारे १७,००० किलो. सेंट पॉलसाठी १२ घंटांचा संच टेलरांनी १८७८ मध्येच दिला होता आणि ही त्याच्या जोडीची एकटी घंटा. ती लंडनला पोचवणे हे ओतण्याइतकेच दांडगे काम निघाले. मे १८८२ मध्ये गाड्यावर चढवून, वाफेच्या इंजिनाने ओढत, शंभराहून अधिक मैलांचा रस्ता कापायला अकरा दिवस लागले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ओतलेली घंटा येईपर्यंत ब्रिटनमधील सर्वांत वजनदार घंटा हीच होती. इतके असून ती गेल्या काही दशकांत बहुतेक मुकीच राहिली. वाजवण्याची यंत्रणा बिघडली आणि दुरुस्ती लांबत गेली. ३१ जुलै २०२१ रोजी तिला हाताने ओढून पुन्हा वाजवण्यात आले, तेव्हा मधे सुमारे वीस वर्षे गेली होती.

आता सुराविषयी. तारेतून किंवा बासरीतून निघणारे उपस्वर निसर्गतःच मूळ स्वराच्या पटीत असतात, त्यामुळे कानाला ते वेगळे कळत नाहीत. घंटेचे तसे नसते. तिच्या अंगाचा प्रत्येक पट्टा आपापल्या परीने थरथरतो आणि एका ठोक्यात अनेक स्वर एकदम उठतात. त्यांतले पाच महत्त्वाचे. घंटा नीट लागलेली असेल तर आपल्या भाषेत ते असे सांगता येतील : मंद्र सा, मध्य सा, कोमल गंधार, पंचम आणि तार सा. घंटेचा नाद कितीही आनंदाच्या प्रसंगी ऐकला तरी थोडा हुरहुर लावणारा वाटतो, तो त्या कोमल गंधारामुळे. गंमत म्हणजे ठोका पडताच कान जो स्वर 'हा घंटेचा' म्हणून पकडतो, तो यांपैकी कोणताच नसतो. वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो स्वतःच बेततो. तो तार सा पेक्षा एक सप्तक खाली असतो. मध्य सा जागेवर असेल तर दोघे एकमेकांवर बसतात, नसेल तर घासतात.

जुन्या इंग्रजी घंटांमध्ये बहुधा मंद्र सा चढलेला आणि मध्य सा उतरलेला असे. संच लावताना फक्त ठोक्याचा स्वर पाहत आणि जमत नसेल तर काठाचा धातू छिन्नीने तासून टाकत. घंटा एकमेकींशी सुरात, पण प्रत्येक आपल्या पोटात बेसूर, असा प्रकार होता. सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये हेमनी बंधूंनी अंतर्गत सूर लावण्याची कला साधली होती, पण त्यांच्यामागे ती हरवली. १८९५-९६ मध्ये कॅनन आर्थर सिम्पसन या इंग्रज धर्मगुरूने लेख लिहून हा दोष उघड मांडला : घंटांचे कौतुक होते, पण त्या नीट कोणी ऐकत नाही. अशा टीकेकडे धंद्यातली माणसे सहसा पाठ फिरवतात. जॉन विल्यम टेलर आणि त्यांच्या मुलांनी तसे केले नाही. त्यांनी सिम्पसनना बरोबर घेतले, स्वरकाटे लावून एकेक उपस्वर मोजला आणि शेफील्डजवळच्या नॉर्टन येथील चर्चला १८९६ मध्ये पाचही स्वर जुळवलेला पहिला संच दिला.

पद्धत सांगायला सोपी आहे. घंटा मुद्दाम किंचित जाड ओततात. मग ती उलटी, तोंड वर करून, मोठ्या उभ्या लेथवर बसवतात आणि फिरवत आतून धातू सोलतात. कोणत्या उंचीवर सोलले की कोणता उपस्वर उतरतो, हे ठाऊक असावे लागते. एक स्वर खाली आणताना दुसराही थोडा हलतोच. म्हणून थोडे सोलायचे, थांबायचे, ठोकून ऐकायचे, पुन्हा सोलायचे. धातू काढता येतो, परत लावता येत नाही. एखादा स्वर हवा त्याच्याही खाली गेला, तर त्या घंटेची जागा पुन्हा भट्टीत.

या कौशल्याचा खरा कस कॅरिलॉनमध्ये लागतो. कॅरिलॉन म्हणजे किमान २३ घंटांचे, खुंट्यांच्या पट्टीवरून वाजवायचे वाद्य. त्यात दोन-तीन घंटांचे नाद एकाच वेळी हवेत असतात, तेव्हा बेसूर लपत नाही. बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिलला १९०६ मध्ये टेलरांनी २२ घंटांचा संच दिला. पुढे वाढवत तो ४८ पर्यंत गेला. कॅनबेराच्या सरोवरातील कॅरिलॉन १९७० चे, त्यावेळी ५३ घंटांचे, ब्रिटिश सरकारने भेट दिलेले. पण सगळ्यांत जवळचे कॅरिलॉन ओतशाळेच्याच गावात आहे. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचे स्मारक म्हणून लफबरोने क्वीन्स पार्कमध्ये मनोरा बांधला. २२ जुलै १९२३ रोजी तो उघडला, तेव्हा संगीतकार एडवर्ड एल्गर यांनी त्यासाठी खास रचना केली होती. ४७ घंटांपैकी सर्वांत मोठी, चार टनांहून जास्त वजनाची, कारखान्याचे तेव्हाचे प्रमुख एडमंड डेनिसन टेलर यांनी स्वतःतर्फे दिली. त्यांचे तीन पुतणे युद्धात मारले गेले होते. ते परतले असते तर धंदा त्यांच्याकडेच गेला असता.

नाव घेण्याजोग्या बाकीच्या घंटा पुष्कळ आहेत : ब्रिस्टल विद्यापीठाच्या मनोऱ्यातील ग्रेट जॉर्ज, यॉर्क मिन्स्टरमधील १९२७ ची ग्रेट पीटर, नॉटिंगहॅमच्या नगरगृहातील लिटल जॉन, लिव्हरपूल कॅथीड्रलमधील जवळजवळ पंधरा टनांची ग्रेट जॉर्ज. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील आठ घंटाही १९०४ मध्ये याच ओतशाळेतून आल्या.

घराण्याचा शेवट शांतपणे झाला. पॉल टेलर १९८१ मध्ये वारले आणि त्यांच्याबरोबर कारखान्यातले टेलर संपले. नाव मात्र पाटीवर राहिले. २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि घंटांच्या धंद्याशी संबंधित मंडळींनीच एकत्र येऊन ती सोडवली. २०१६ मध्ये इमारतींच्या जतनासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी लंडनची व्हाइटचॅपल ओतशाळा बंद पडली. बिग बेन ओतणारा, टेलरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रतिस्पर्धी तो. क्रॉयडनच्या गिलेट अँड जॉन्स्टन यांनी घंटा ओतणे १९५७ मध्येच थांबवले होते. त्यामुळे मनोऱ्याच्या घंटा ओतणारी ब्रिटनमधली मोठी ओतशाळा म्हणून लफबरोच उरली. तिथे आजही घंटा ओतल्या जातात आणि शेजारीच संग्रहालय आहे.

ओतशाळेच्या आवारात तिचा स्वतःचा घंटांचा मनोराही आहे. इंग्लंडमध्ये घंटा चाकावर टांगून पूर्ण फेरा फिरवतात. एका दोरीला एक माणूस. घंटांचा क्रम दरवेळी बदलायचा, एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. आठ घंटांचे असे क्रम ४०,३२० होतात. २७ जुलै १९६३ च्या सकाळी या मनोऱ्यात आठ जणांनी ते सगळे एका बैठकीत वाजवायला घेतले. नियम असा, की क्रम स्मरणातून वाजवायचे, कागद समोर ठेवायचा नाही, आणि दोरी मधेच दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. १७ तास ५८ मिनिटांनी, मध्यरात्र उलटल्यावर, शेवटचा क्रम वाजला आणि आठही घंटा थांबल्या.