प्रभुभोजनापासून रोखण्याचा अधिकार कोणाचा? प्रॉटेस्टंट चर्चशासन आणि राजसत्ता यांच्या वादाची पार्श्वभूमी

पोपची सत्ता झुगारली की बहुतेक ठिकाणी बिशपचे न्यायालयही जाते. मग तिथे चालणारे काम कोणी करायचे? सोळाव्या शतकात धर्मसुधारणा स्वीकारलेल्या शहरांपुढे आणि राज्यांपुढे हा प्रश्न लवकरच उभा राहिला. विवाहाचे तंटे, व्यभिचार, ईश्वरनिंदा, मृत्युपत्रे हे सारे बिशपच्या न्यायालयात चालत असे. सर्वांत जड शिक्षा होती मंडळीतून बहिष्कृत करण्याची. गावातला प्रत्येक जण एकाच चर्चचा सभासद असताना प्रभुभोजनापासून, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीपासून, रोखले जाणे म्हणजे अर्धेमुर्धे वाळीत पडणेच होते.

चर्चशासनाचे वाद बिशप असावेत की वडील (मंडळीतून निवडलेले ज्येष्ठ सभासद) असावेत या प्रश्नापासून सांगण्याची पद्धत आहे. ती चुकीची नाही, पण तिने मूळ गाठ हाती लागत नाही. त्या काळातील कोणतीही चर्चनियमावली घ्या आणि आधी एवढेच शोधा: एखाद्याला प्रभुभोजनापासून रोखले, तर त्याचे अपील कुठे जाते? राजाकडे किंवा नगरपरिषदेकडे जात असेल, तर बाकीच्या कलमांत काहीही लिहिलेले असो, शेवटचा शब्द राजसत्तेचा आहे.

दोन्ही बाजू बायबलचाच आधार घेत. राजसत्तेच्या बाजूने रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय होता: अधिकारी देवाने नेमलेले आहेत आणि तलवार त्यांच्या हाती उगीच दिलेली नाही. चर्चच्या बाजूने मत्तयाचा १६वा आणि १८वा अध्याय: स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या प्रेषित पेत्राला दिल्या, आणि अपराधी बंधू ऐकत नसेल तर ‘मंडळीला कळव’. आता ही मंडळी म्हणजे कोण? सगळे सभासद, त्यांचे वडील, की त्या काळची यहुदी न्यायसभा? या एका शब्दाभोवती शंभर वर्षे ग्रंथ लिहिले गेले.

झुरिकने सोपा मार्ग धरला. मे १५२५ मध्ये तिथे विवाह-न्यायालय स्थापन झाले. त्यात दोन पाळक आणि नगरपरिषदांचे चार सदस्य होते. तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली आणि त्याच्यामागून आलेला बुलिंगर यांच्या मते राज्यकर्ता ख्रिस्ती असेल, तर नीतिरक्षणासाठी चर्चने वेगळे न्यायालय चालवण्याची गरज नाही. पाळकाने उपदेश करावा, शिक्षा परिषदेने द्यावी.

जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्विनला हे मान्य नव्हते. १५३८ मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी फारेल याला शहरातून हाकलले गेले, त्यामागेही प्रभुभोजन आणि शिस्त यांचाच वाद होता. सप्टेंबर १५४१ मध्ये तो परतला आणि २० नोव्हेंबरला चर्चनियम मंजूर झाले. त्यांत चार पदे ठरली: पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन (गरिबांची सेवा पाहणारे). वडील १२. त्यांतले नगराच्या तीन परिषदांपैकी २ लहान परिषदेतून, ४ साठांच्या परिषदेतून आणि ६ दोनशेंच्या परिषदेतून. म्हणजे चर्चचे वडील निवडले जात ते नगराच्या सभासदांमधूनच. हे वडील आणि पाळक मिळून झालेली कॉन्सिस्टरी दर गुरुवारी बसे आणि अध्यक्षस्थानी नगराचा एक प्रमुख अधिकारी असे. प्रभुभोजन वर्षातून चारदा होई. कॅल्विनला ते याहून खूप वारंवार हवे होते, परिषदेने मानले नाही.

खरा पेच मसुद्याच्या शेवटी परिषदेने घातलेल्या कलमात होता. पाळकांना दिवाणी अधिकार नाही, त्यांनी देववचनाची आध्यात्मिक तलवारच वापरावी आणि कॉन्सिस्टरीमुळे नगराच्या सत्तेला बाध येऊ नये, असे ते कलम होते. बहिष्काराचा अंतिम निर्णय कोणाचा, हे मात्र संदिग्ध राहिले. ती संदिग्धता बारा वर्षे टिकली. १५५३ मध्ये फिलिबेर बेर्तेलिए याला कॉन्सिस्टरीने रोखले होते; तो थेट परिषदेकडे गेला आणि परिषदेने त्याला परवानगी दिली. रविवार, ३ सप्टेंबरला कॅल्विनने प्रवचनपीठावरून सांगितले की जीव गेला तरी या हातांनी अपात्र माणसाला प्रभुभोजन देणार नाही. परिषदेने बेर्तेलिएला त्या दिवशी न येण्याचा सल्ला आतून दिलेला होता, म्हणून प्रसंग टळला. याच आठवड्यांत त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) नाकारणाऱ्या सर्व्हेटसचा खटला चालू होता. त्याला जाळण्याची शिक्षा नगरपरिषदेने दिली, कॉन्सिस्टरीने नव्हे, आणि त्या खटल्यात कॅल्विनने फिर्यादी बाजू लढवली म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही. चर्चची स्वायत्तता मागणारा माणूस धर्मस्वातंत्र्य मागत होता, असे मानणे ही या विषयातली सर्वांत सर्रास चूक आहे. जानेवारी १५५५ मध्ये परिषदांनी बहिष्काराचा अधिकार कॉन्सिस्टरीकडे असल्याचे मान्य केले. त्याच सुमारास निवडणुकीत कॅल्विनचे समर्थक बहुमतात आले होते, हे विसरता कामा नये. तत्त्व पटले त्यापेक्षा संख्याबळ बदलले.

जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये हाच वाद एका वैद्याने पेटवला. थॉमस एरास्टस तिथल्या विद्यापीठात वैद्यकशास्त्राचा प्राध्यापक होता आणि चर्चच्या कारभारातही त्याचे वजन होते. जून १५६८ मध्ये जॉर्ज विदर्स या इंग्रज प्युरिटनने (इंग्लंडच्या चर्चची आणखी सुधारणा मागणाऱ्या पंथातल्या) पदवीसाठी प्रबंधसूत्रे मांडली: प्रत्येक मंडळीत वडिलांची सभा असावी आणि तिला राजालाही बहिष्कृत करण्याचा अधिकार असावा. एरास्टसने उत्तरादाखल सूत्रे लिहिली. छापील रूपात ती ७५ आहेत. त्याचे मुद्दे नेमके होते. जुन्या करारात वल्हांडण या यहुदी सणाच्या भोजनापासून माणसाला विधीच्या अशुद्धतेमुळे रोखत, नैतिक पापामुळे नव्हे. येशूने त्याला धरून देणाऱ्या यहुदालाही मेजावर बसू दिले. आणि ‘मंडळीला कळव’ यातली मंडळी म्हणजे यहुदी न्यायसभा, म्हणजे त्या लोकांची सत्ता. जिथे राज्यकर्ता खरा धर्म मानतो, तिथे एकाच समाजावर दोन न्यायसत्ता कशाला?

तिथल्या शासकाने, तिसऱ्या फ्रेडरिकने, तरीही १५७० मध्ये वडिलांच्या सभा सुरू केल्या. पुढे त्रैक्य नाकारल्याच्या संशयावरून खुद्द एरास्टसलाच काही काळ बहिष्कृत करण्यात आले. त्याची सूत्रे त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत. तो १५८३ मध्ये बाझेलला वारला आणि पुस्तक लंडनमध्ये १५८९ साली आले. एलिझाबेथच्या सरकारला प्युरिटनांविरुद्ध असे शस्त्र हवेच होते. पुढे ‘एरास्टियन’ हा शब्द चर्चवर राज्याचा संपूर्ण ताबा मागणाऱ्यांसाठी वापरला जाऊ लागला. त्याची स्वतःची मांडणी बरीच अरुंद होती: बहिष्कार या एकाच शिक्षेपुरती, आणि ख्रिस्ती राज्यापुरती.

इंग्लंडमध्ये १५३४ च्या कायद्याने राजा चर्चचा ‘मस्तक’ झाला होता. १५५९ मध्ये एलिझाबेथसाठी शब्द सौम्य करून ‘सर्वोच्च शासक’ असे केले. बिशप राहिले, त्यांची न्यायालयेही राहिली. केंब्रिजमध्ये १५७० साली थॉमस कार्टराइटने बिशपपद्धतीवर व्याख्यानांतून हल्ला चढवला आणि वर्षअखेरीला त्याचे प्राध्यापकपद गेले. बिशपपद्धतीच्या बाजूने रिचर्ड हुकर या धर्मशास्त्र्याने दिलेले उत्तर जास्त टिकाऊ ठरले: एकाच समाजाला धर्माच्या बाजूने पाहिले की चर्च, शासनाच्या बाजूने पाहिले की राज्य, मग दोन वेगळे राजे कशाला?

स्कॉटलंडमध्ये याच्या उलट उत्तर मिळाले. चर्चचा पुढारी अँड्र्यू मेलव्हिल याने १५९६ मध्ये राजा सहाव्या जेम्सला तोंडावर सांगितले की या देशात दोन राजे आणि दोन राज्ये आहेत. ख्रिस्ताच्या राज्यात जेम्स राजा नाही, स्वामी नाही, मस्तक नाही, केवळ एक सभासद आहे. हे राज्य चालत होते चढत्या सभांच्या साखळीवर. गावात पाळक आणि वडिलांची सेशन, तिच्यावर अनेक गावांची प्रेसबिटेरी, मग सिनॉड (प्रांताची सभा), शेवटी साऱ्या देशाची महासभा. अपील याच शिडीने वर जाई आणि महासभेपाशी थांबे.

गावपातळीवर ही शिस्त शिशाच्या लहान बिल्ल्यावर चाले. प्रभुभोजनाच्या आधी वडील घरोघर जाऊन लोकांना प्रश्नोत्तरावलीतले प्रश्न विचारत, भांडणे मिटवायला लावत, आणि पात्र ठरेल त्याला बिल्ला देत. त्यावर बहुधा गावाची आद्याक्षरे ठोकलेली असत. मेजाजवळ जाताना तो परत द्यायचा. ज्याच्याकडे बिल्ला नाही त्याला मेजावर जागा नाही. ज्याला तो नाकारला जाई, त्याला सेशनपुढे उभे राहून कबुली द्यावी लागे आणि मंडळीसमोर पश्चात्तापाच्या बाकावर बसावे लागे. पूर्ण बहिष्काराला तर दिवाणी परिणामही जोडलेले होते, आणि दोन राज्यांच्या तत्त्वातली ही मोठी फट होती: चर्चची शिक्षा आध्यात्मिक म्हणायची आणि तिची धार राज्याच्या कायद्याकडून उसनी घ्यायची. ती जोडणी १६९० मध्ये काढली गेली.

इंग्लंडच्या गादीवर आल्यावर जेम्सने १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टला आपला अनुभव चार शब्दांत मांडला: बिशप नाही, राजा नाही. त्याच्या मुलाने, पहिल्या चार्ल्सने, स्कॉटलंडवर नवी प्रार्थनापद्धती लादली, तिच्या विरोधात १६३८ मध्ये एडिंबरोत राष्ट्रीय करारावर सह्या झाल्या, त्याच वर्षी ग्लासगोच्या महासभेने बिशपपद रद्द केले, आणि युद्धे सुरू झाली.

१ जुलै १६४३ रोजी लंडनमध्ये चर्चच्या सुधारणेसाठी वेस्टमिन्स्टर सभा भरली ती राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या युद्धाच्या काळात. तिला बोलावले पार्लमेंटने, सदस्य नेमले पार्लमेंटने, विषयही पार्लमेंटनेच ठरवले. १२१ धर्मशास्त्री आणि ३० संसदसदस्य. सल्ला द्यायचा, कायदा करायचा नाही. स्कॉटलंडचे सैन्य हवे म्हणून सप्टेंबरमध्ये करार झाला आणि हेंडरसन, बेली, रदरफर्ड, गिलेस्पी हे स्कॉट प्रतिनिधी येऊन बसले. बहुसंख्य सदस्य प्रेसबिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडसारखी वडिलांच्या चढत्या सभांची पद्धत हवी असणारे होते. गुडविन, नाय, बरोज, ब्रिज आणि सिम्पसन हे पाच जण स्वतंत्र मंडळ्यांचे: त्यांच्या मते प्रत्येक मंडळी स्वतःच पूर्ण चर्च आहे, वरच्या सभांनी सल्ला द्यावा, हुकूम देऊ नये. एरास्टियन मोजकेच होते, पण सेल्डन, लाइटफुट आणि कोलमन हे तिघेही हिब्रू विद्येत मुरलेले. सेल्डनशी यहुदी न्यायसभेच्या कायद्यावर वाद घालणे सोपे नव्हते. गिलेस्पीने १६४६ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून एरास्टसच्या मुद्द्यांना उत्तर दिले. चर्चच्या स्वतंत्र अधिकाराच्या बाजूचे याहून कसून केलेले काम सापडणे कठीण.

सभेत एरास्टियन हरले, पार्लमेंटमध्ये जिंकले. ऑक्टोबर १६४५ च्या वटहुकुमाने प्रभुभोजनापासून रोखण्याची कारणे यादी करून दिली: दारूबाजी, शपथा, द्वंद्वयुद्धाचे आव्हान, रविवारी फासे-पत्ते खेळणे आणि अशी बरीच. सोबत किती धर्मज्ञान नसेल तर रोखावे, हेही लिहिले. यादीबाहेरच्या पापासाठी वडिलांना स्वतःच्या अधिकारात रोखता येत नव्हते. आणि अपील सेशनपासून वर जात जात राष्ट्रीय सभेच्याही पुढे, पार्लमेंटपर्यंत. मार्च १६४६ मध्ये यादीबाहेरच्या पापांसाठी पार्लमेंटने नेमलेले आयुक्त आले. सभेने तक्रार केली, तेव्हा पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने ती आपल्या विशेषाधिकाराचा भंग ठरवली आणि एप्रिलअखेर नऊ प्रश्न पाठवले: चर्चशासनाचे अमुक अंग देवदत्त आहे असे म्हणता ना, मग वचने दाखवा, आणि उत्तराखाली प्रत्येकाने सही करा.

सभेने डिसेंबर १६४६ मध्ये पूर्ण केलेल्या विश्वासपत्राच्या (चर्चच्या श्रद्धांच्या अधिकृत निवेदनाच्या) ३०व्या अध्यायात लिहिले की ख्रिस्ताने चर्चमध्ये राजसत्तेहून वेगळे शासन नेमले आहे. २३वा अध्याय मात्र राज्यकर्त्यावर पाखंड दडपण्याचे आणि सिनॉड बोलावण्याचे कर्तव्य टाकतो. हे दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचावेत; वेगळेपण होते, अलिप्तता नव्हती. पार्लमेंटने १६४८ मध्ये ते छापताना ३० आणि ३१ हे अध्याय गाळले. स्कॉटलंडच्या महासभेने ते १६४७ मध्येच स्वीकारले होते. अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियनांनी १७८८ मध्ये राज्यकर्त्याविषयीचा मजकूर बदलला.

प्रत्यक्षात काय बिघडले? लंडन आणि लँकाशायर सोडले तर सभांची साखळी फारशी उभीच राहिली नाही. पात्रता ठरवायला वडील नाहीत आणि न तपासता द्यायला पाळकाचे मन घेत नाही, अशा कोंडीत अनेक गावांत वर्षानुवर्षे प्रभुभोजनच झाले नाही. ज्या मेजाच्या पावित्र्यासाठी सगळा झगडा, ते मेजच बंद. १६६० नंतर बिशप परत आले.

या वादाचे धागे महाराष्ट्रापर्यंतही येतात. स्वतंत्र मंडळ्यांची (काँग्रिगेशनल) परंपरा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये रुजली होती आणि १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट याच परंपरेच्या अमेरिकन मंडळाचे होते. १८३१ पासून अहमदनगर हे त्या मराठी मिशनचे मोठे केंद्र झाले. स्कॉटिश धागा त्याहून थेट आहे. १७१२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जमीनदाराला पाळक नेमण्याचा हक्क दिला होता. मंडळीने नाकारलेला पाळक लादता येतो का, हे ऑक्टरार्डर या स्कॉटिश गावच्या खटल्यात ब्रिटिश पार्लमेंटच्या लॉर्ड्स सभागृहापर्यंत गेले, म्हणजे अपील पुन्हा शिडीबाहेर गेले. १८ मे १८४३ रोजी थॉमस चामर्स आणि त्यांच्यासोबतचे पाळक महासभेतून उठून बाहेर पडले आणि फ्री चर्च स्थापन झाले. साडेचारशेहून अधिक पाळकांनी घरे आणि पगार सोडले. मुंबईतले स्कॉटिश मिशनरीही जॉन विल्सनसह फ्री चर्चकडे गेले आणि त्यांना आपल्या शिक्षणसंस्थेची इमारत सोडावी लागली. पुढे जे विल्सन कॉलेज झाले ते या बेघर शाखेतून. नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉपही फ्री चर्चचेच.

भारतातील अँग्लिकन चर्च ब्रिटिश राज्यापासून कायद्याने वेगळे झाले ते १९३० मध्ये. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले, त्यात अँग्लिकन, प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल या तिन्ही परंपरांसह एकूण सहा चर्चे एकत्र आली. बिशप आहेत, प्रेसबिटर आहेत, मंडळीला आवाज आहे, आणि अंतर्गत अपिलाची शिडी सिनॉडपर्यंत जाते.