भादरलेली डोकी, जमैकन ताल : ब्रिटिश पडद्यावरच्या स्किनहेडची पार्श्वभूमी

बारा वर्षांचा शॉन आईबरोबर बुटांच्या दुकानात बसलाय. त्याला डॉक मार्टेन हवेत. जाड तळव्याचे, घोट्याच्या वर फितीने बांधायचे, टोळीतल्या मोठ्या पोरांच्या पायात असतात तसेच. पण त्याच्या मापाचे ते मिळत नाहीत. दुकानातली बाई मग दुसरेच बूट पुढे करते आणि हे लंडनचे आहेत असं सांगून गळी उतरवते. वडील फॉकलंडच्या युद्धात मारले गेलेत, घरात आई एकटी, आणि या मुलाला काहीही करून कुणापैकी तरी व्हायचंय.

शेन मेडोजच्या २००६ सालच्या ‘धिस इज इंग्लंड’मधला हा प्रसंग आहे. स्किनहेडबद्दल, म्हणजे डोकं भादरून टोळीने हिंडणाऱ्या ब्रिटिश कामगार घरांतल्या पोरांबद्दल, बोलताना मला बुटांपासून सुरुवात करावीशी वाटते. भादरलेल्या डोक्यापासून सुरुवात केली की आपण थेट नाझी स्वस्तिकापाशी जाऊन पोचतो आणि मधला रस्ता राहूनच जातो.

हे बूट मुळात कामावरचे. नॉर्दम्प्टनशरमधल्या वोलस्टन गावात ग्रिग्ज कंपनीने १ एप्रिल १९६० रोजी त्यांची पहिली जोडी काढली. ‘१४६०’ हा आकडा आजही त्या बुटाच्या नावात आहे, तो त्या तारखेवरूनच आलाय. पोस्टमन आणि कारखान्यातले कामगार ते वापरायचे. साठच्या दशकात लंडनमधले मॉड तरुण इटालियन सूट आणि स्कूटरवर पगार उडवत होते. त्याच मंडळींतला एक गट मात्र दिवसेंदिवस साधा आणि रांगडा होत गेला. मशीन मारून बारीक केलेले केस, घोट्याच्या वर दुमडलेली जीन्स, गॅलिस, बेन शर्मनचा चौकड्यांचा शर्ट आणि पायात हे बूट. गोदीत किंवा कारखान्यात राबणारा बाप जे अंगावर घालायचा, त्यालाच कडक इस्त्री करून पोरांनी स्वतःचा गणवेश बनवला. दुसरीकडे केस वाढवलेली हिप्पी मुलं होती, बरीचशी सुखवस्तू घरांतली. आम्ही त्यांच्यातले नाही, हे ही पोरं आपल्या डोक्यानेच सांगत होती.

या पोशाखातला आणि संगीतातला मोठा वाटा जमैकन शेजाऱ्यांचा होता. १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ बोट टिलबरीला लागली, त्यानंतर वेस्ट इंडीजमधून आलेली कुटुंबं याच गरीब वस्त्यांत राहायला आली. त्यांची पोरं ‘रूड बॉय’ म्हणून मिरवायची. त्यांची चाल, त्यांच्या आखूड पँटी, त्यांचं स्का आणि रॉकस्टेडी हे जमैकन संगीत गोऱ्या पोरांनी उचललं. १९६८ मध्ये जमैकन संगीताच्या तबकड्या काढणारी ट्रोजन रेकॉर्ड्स ही कंपनी लंडनमध्ये सुरू झाली. १९६९ मध्ये डेस्मंड डेकरचं ‘इझरेलाइट्स’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ती तबकडी विकत घेणाऱ्यांत ही भादरलेली पोरं ढिगाने होती.

इथपर्यंतची गोष्ट आता बरेच जण सांगतात, आणि सांगायलाच हवी. पण ती एवढ्यावर थांबवली तर अर्धीच राहते. २० एप्रिल १९६८ ला इनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण केलं आणि त्याच आठवड्यात पूर्व लंडनचे गोदी कामगार त्याच्या बाजूने मोर्चा घेऊन संसदेवर गेले. एप्रिल १९७० मध्ये पूर्व लंडनमध्ये तोसीर अली हा हॉटेलात काम करणारा माणूस रात्री घरी परतत असताना भोसकून मारला गेला. ‘पाकी-बॅशिंग’, म्हणजे ‘पाकी’ म्हणत आशियाई माणसाला झोडपणं, हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत रुळला. ज्याला मारायचा त्याचा देश कुणी विचारत नसे. पंजाबी, गुजराती, सिल्हेटी, आपल्यापैकी कुणीही तिथे असता तरी त्याच शिवीत मोडला असता. जमैकन तालावर नाचणारी पोरं आशियाई माणसाच्या अंगावर धावून जात होती, कधी कधी त्याच रात्री. जमैकन पोरगा शाळेत शेजारच्या बाकावर होता, फुटबॉलला सोबत होता, इंग्रजी बोलत होता. आशियाई माणूस मात्र त्यांच्या लेखी परका होता आणि तो उलटून मारत नाही असा त्यांचा समज होता. ही विसंगती सुरुवातीपासूनची आहे. सिनेमाने ती किती पाहिली आणि किती टाळली, याकडे लक्ष ठेवून मी हे चित्रपट पाहत आलो.

कामगार तरुण पडद्यावर त्याआधीच आला होता. दिग्दर्शक कॅरेल राइझने १९५९ मध्ये दक्षिण लंडनमधल्या एका युथ क्लबच्या पोरांवर माहितीपट केला आणि पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यातला लेथवरचा कामगार अल्बर्ट फिनीच्या रूपात नायक झाला. चित्रपट उत्तम होते. पण राइझ केंब्रिजचा, त्याच्या पिढीचा दुसरा दिग्दर्शक टोनी रिचर्डसन ऑक्सफर्डचा. या लोकांना कामगारांबद्दल खरी माया होती, तरी ती पाहुण्याची माया होती.

बार्नी प्लॅट्स-मिल्सचा ‘ब्रॉन्को बुलफ्रॉग’ मला म्हणूनच वेगळा वाटतो. तोही गरिबाघरचा नव्हता, पण १९६९ मध्ये त्याने पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डच्या पोरांनाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. नाट्यदिग्दर्शिका जोन लिटलवुडच्या उपक्रमामुळे ही पोरं अभिनयाकडे आली होती. त्यांच्यात व्यावसायिक नट कुणी नव्हता. डेल वेल्डिंगचं काम शिकतोय. त्याला आयरीन आवडते. पण दोघांनी बसायचं कुठे? तिच्या आईला तो नको, त्याच्या घरात जागा नाही. एकदा ती दोघं नटूनथटून वेस्ट एंडला सिनेमा बघायला जातात, तिकिटाचे दर वाचतात आणि तशीच परत फिरतात. या प्रसंगात कुणी रडत नाही, कुणी आवाज चढवत नाही. पोरांचे केस बारीक आहेत, बूट जड आहेत, चोरीमारी आहे, मारामारीही आहे. पण दिग्दर्शकाला त्यांच्याकडे ‘समस्या’ म्हणून बघायचंच नाहीये. स्किनहेड हा शब्द भीतीचा व्हायच्या आधीचं हे चित्र आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही फॅशन ओसरली. दशकाच्या शेवटी शेवटी पंक संगीताबरोबर ती परत आली तेव्हा दिवस फार वाईट होते. कारखाने बंद पडत होते आणि नॅशनल फ्रंटसारखे वंशद्वेषी पक्ष फुटबॉलच्या मैदानांबाहेर पोरं गोळा करत होते. ४ मे १९७८ ला व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या बांगलादेशी शिवणकामगाराचा खून झाला. त्याची शवपेटी घेऊन हजारो लोक डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. त्या जागेजवळच्या बागेला आज त्याचं नाव आहे. ३ जुलै १९८१ ला साउथॉलमधल्या हॅम्ब्रो टॅव्हर्नमध्ये ‘ऑय’ या पंक प्रकारातल्या बँडचा कार्यक्रम होता. बाहेरून बसने आलेल्या स्किनहेडांनी वाटेत दुकानांच्या काचा फोडल्या, आशियाई तरुण रस्त्यावर उतरले आणि रात्री तो पब जळून गेला. त्याच महिन्यात कॉव्हेंट्रीच्या ‘द स्पेशल्स’चं ‘घोस्ट टाउन’ हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. काळे आणि गोरे एकत्र वाजवणारा हा बँड, आणि समोर गाणं ऐकणाऱ्या गर्दीतही भादरलेली डोकी. त्यांच्यातली किती या बाजूची आणि किती त्या बाजूची हे केसांवरून कळायची सोय उरली नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये देशातल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला.

या काळातली दोन चित्रं मी एकमेकांशेजारी ठेवून पाहतो. दोन्ही दूरचित्रवाणीसाठी केलेली, दोन्ही १९८३ मध्ये दाखवली गेली, दोन्हींत टिम रॉथ. ॲलन क्लार्कच्या ‘मेड इन ब्रिटन’मध्ये तो सोळा वर्षांचा ट्रेव्हर आहे. कपाळावर दोन भुवयांच्या मधोमध स्वस्तिक गोंदलेलं. रॉथचं हे पहिलंच काम. क्रिस मेंजेसने अंगावर बांधायचा कॅमेरा घेऊन त्याचा पाठलाग केलाय. ट्रेव्हर चालत राहतो आणि आपण त्याच्याबरोबर फरफटत जातो. मधे एक लांबलचक प्रसंग येतो. सुधारगृहातला अधिकारी फळ्यावर खडूने गोल काढतो. चोरी, कोर्ट, रोजगार केंद्र, बेकारी, पुन्हा चोरी, तुरुंग. पुढची सगळी वर्षं तो पोराला फळ्यावर काढून दाखवतो. ट्रेव्हर हुशार आहे, त्याला ते सगळं कळतं, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. पटकथाकार डेव्हिड लेलंडने त्याला अडाणी ठेवला नाही, ही या चित्रपटाची खरी ताकद. खोलीतला त्याचा सोबती एरॉल काळा आहे. ट्रेव्हर त्यालाच घेऊन एका पाकिस्तानी कुटुंबाच्या घरावर दगड मारायला जातो, आणि एरॉलही मारतो. वर म्हटलेली विसंगती पडद्यावर इतक्या उघडपणे क्वचितच आली असेल.

माइक लीच्या ‘मीनटाइम’मध्ये रॉथ कॉलिन आहे. चाचरत बोलणारा, सगळ्यांच्या पायात येणारा. बाप आणि दोन्ही मुलं बेकार भत्त्यावर. गॅरी ओल्डमनचा कॉक्सी हा स्किनहेड त्याला हिरो वाटतो. कॉक्सी एका रिकाम्या पिंपात शिरून आतून ठोकत, लोळत राहतो ते दृश्य विसरता येत नाही. अंगात मावत नाही एवढी ताकद आणि ती लावायला पिंपाशिवाय जागा नाही. शेवटी कॉलिन डोकं भादरून येतो आणि जॅकेटच्या टोपीखाली ते झाकून पलंगावर पडून राहतो. मोठा भाऊ मार्क एरवी त्याला टोचून बोलणारा. तो टोपी मागे सारून ते डोकं बघतो. दोन भावांमधला जिव्हाळा दाखवायला लीला एवढंच पुरतं. या पोराने डोकं भादरलं त्यात राजकारणाचा लवलेश नाही.

१९८५ मध्ये हनीफ कुरेशीने लिहिलेला आणि स्टीफन फ्रिअर्सने दिग्दर्शित केलेला ‘माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट’ आला आणि ही गोष्ट मार खाणाऱ्याच्या घरातून सांगितली गेली. चॅनल फोरसाठी १६ मिमी फिल्मवर, थोड्या पैशांत केलेला चित्रपट. आपल्याला त्यातले चेहरे ओळखीचे आहेत. ओमारचा श्रीमंत काका नासर म्हणजे सईद जाफरी, आणि दारूत बुडालेला पत्रकार बाप म्हणजे रोशन सेठ, ‘भारत एक खोज’मधले आपले नेहरू. डॅनियल डे-लुइसचा जॉनी हा ओमारचा शाळेपासूनचा मित्र, जो मधे फॅसिस्टांच्या मोर्चात चालला होता. ओमारने आणि त्याच्या बापाने तो मोर्चा पाहिलाय. ते दुखणं ओमार त्याच्यापुढे बोलून दाखवतो, आणि तरी दोघं एकमेकांवर प्रेम करतात, मिळून लॉन्ड्री चालवतात. आता जॉनी पगारावर आहे आणि मालक पाकिस्तानी. नासर त्याला आपल्या इमारतीतल्या एका काळ्या भाडेकरूला बाहेर काढायला लावतो. धंद्यात वर्ण बघायचा नसतो, ही नासरची थॅचरकालीन शिकवण. कुरेशीने आपल्या माणसांना सोज्वळ ठेवलं नाही म्हणून इथली आशियाई पात्रं जिवंत आहेत. त्यांना भूक आहे, लबाडी आहे, थाट आहे. काच फोडण्यापुरती ती पडद्यावर येत नाहीत.

त्यानंतर वीस वर्षांनी मेडोज आला, आणि तो पाहुणा नव्हता. १९७२ साली स्टॅफर्डशरमधल्या युटॉक्सेटरमध्ये जन्मलेला, लहानपणी स्वतः डोकं भादरून टोळीत हिंडलेला. शॉनमध्ये तो स्वतःच आहे. शॉन झालेला थॉमस टर्गूस ग्रिम्सबीचा, त्याआधी कधी काम न केलेला. चित्रपट त्याच्या दिवंगत आईला अर्पण केलाय. वुडीच्या टोळीत शॉनचे केस कापले जातात तो प्रसंग जवळजवळ मुंजीसारखा आहे. मग त्याची आई टोळीला जाब विचारायला येते, चांगलं झापते, आणि जाताना पोराची काळजी घेता म्हणून आभार मानून त्याला त्यांच्यातच ठेवून जाते. सुरुवातीला जमैकन गाणं वाजतं. मिल्की हा काळा पोरगा टोळीत आहे. १९६९ ची आठवण १९८३ मध्ये, म्हणजे या चित्रपटाच्या काळात, कुठेतरी शिल्लक आहे.

तुरुंगातून सुटून कॉम्बो हा टोळीतला जुना स्किनहेड येतो आणि टोळी फुटते. कॉम्बो झालेल्या स्टीफन ग्रॅहमचे आजोबा जमैकन होते, हे ठाऊक असलं की त्याचा कॉम्बो पाहताना आणखी कसंतरी होतं. शेवटाकडे तो आणि मिल्की गांजा ओढत जुनी सोल गाणी ऐकत बसतात. मिल्की आपल्या गोतावळ्याबद्दल सांगतो, भरलेल्या घराबद्दल, जेवणाबद्दल. कॉम्बो हसत हसत विचारत राहतो, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्याचा चेहरा बदलत जातो. त्याच्याकडे यातलं काहीच नाही. मग तो मिल्कीला बेशुद्ध पडेस्तोवर मारतो आणि नंतर त्याच्याचसाठी रडतो. वंशद्वेषाचं मूळ फक्त एवढंच आहे असं मी म्हणणार नाही. पण माणसाच्या आत तो कसा चढत जातो हे एवढ्या जवळून मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. चित्रपटाला ब्रिटनमध्ये फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं. मेडोजला ते मान्य नव्हतं, कारण ज्या वयाच्या पोरांसाठी त्याने तो केला त्यांनाच दार बंद झालं.

तरीही एक जागा मला खुपते. शॉन ज्या दुकानात कॉमिक्स चाळायला जायचा, ते सँधूंचं. पुढे कॉम्बोची टोळी तिथेच घुसते. शॉन दारू-सिगारेट मागतो, दुकानदाराला घाणेरड्या शिव्या देतो, आणि कॉम्बो हत्यार काढून दमदाटी करतो. मग टोळी माल घेऊन निघते आणि कॅमेराही टोळीबरोबर निघतो. मिल्कीच्या रक्ताशेजारी आपण बसतो, कॉम्बोच्या रडण्याशेजारीही बसतो. सँधूंनी त्या रात्री दुकानाचं शटर कसं ओढलं, घरी जाऊन बायकोला काय सांगितलं, हे मात्र आपल्याला दिसत नाही.