हिमगौरीच्या गोष्टीवर फिरलेले हात

हिमगौरी म्हटलं की निळ्या चोळीची, पिवळ्या झग्याची, केसांत लाल फीत बांधलेली मुलगी डोळ्यांसमोर येते. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या परीकथांच्या पुस्तकात तिच्या या कपड्यांबद्दल अवाक्षर नाही. बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल, आबनुसासारखी काळी, एवढंच वर्णन. चोळी, झगा आणि फीत डिस्नेच्या १९३७ सालच्या चित्रपटाची.

डिस्नेने मूळ गोष्ट गुळमट केली, ही तक्रार जुनीच आहे आणि ती खोटीही नाही. पण यातलं 'मूळ' कुठलं, असं विचारलं की पंचाईत होते.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ च्या डिसेंबरात निघाला. त्यात ८६ गोष्टी होत्या. शेताच्या बांधावर बसून म्हाताऱ्यांकडून गोष्टी टिपणारे दोन भाऊ, असं चित्र आपल्या मनात असतं. प्रत्यक्षात त्यांना बऱ्याच गोष्टी मिळाल्या त्या कासेल शहरातल्या शिकल्यासवरल्या, खात्यापित्या घरांतल्या मुलींकडून. त्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. पोरीचं हृदय नव्हे, फुप्फुस आणि यकृत मागवून, आलेलं रानडुकराचं आहे हे न कळता, ती मीठ घालून शिजवून खाते. १८१९ च्या आवृत्तीत ही आई मरते आणि सावत्र आई घरात येते. आईपणाला बट्टा लागू नये, अशी विल्हेल्मची धडपड दिसते. मुलीला जागं करण्याची तऱ्हाही बदलली. आधी काचेची शवपेटी इकडून तिकडे वाहून वैतागलेला राजपुत्राचा नोकर तिच्या पाठीत धपाटा घालतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. पुढच्या आवृत्तीत नोकर झुडपाला अडखळतात आणि त्या हिसक्याने तुकडा निघतो. (मला धपाटाच आवडतो.) चुंबन दोन्हीकडे नाही. १८५७ पर्यंत संग्रहाच्या सात आवृत्त्या निघाल्या आणि विल्हेल्मची लेखणी त्यांवर फिरतच राहिली. आपल्याकडे चिऊताई दार उघडायला काय काय कारणं सांगते, हे जसं दर घरात वेगळं, तसाच हा प्रकार. फक्त इथे तो छापून निघत होता.

मग गोष्ट रंगभूमीवर गेली. १९१२ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या नाटकात सातही बुटक्यांना नावं मिळाली: ब्लिक, फ्लिक, ग्लिक अशी. त्या नाटकावरून १९१६ मध्ये मूकपट निघाला. कॅन्सस सिटीत वर्तमानपत्रं टाकणाऱ्या मुलांसाठी त्याचा मोठा खेळ झाला आणि त्या गर्दीत पंधरा वर्षांचा वॉल्ट डिस्ने होता. चित्रपटाच्या वंशावळीत म्हणूनच ग्रिम हे आजोबा-पणजोबा ठरतात. बाप तो मूकपट.

परीकथा पडद्यावर हलवण्याचा मानही डिस्नेकडे पहिला जात नाही. बर्लिनजवळ लोटे रायनिगर काळा कागद कातरून, सांधे जोडून छायाकृती करत होत्या. १९२६ मध्ये त्यांनी 'अरबी कथां'वर पूर्ण लांबीचा चित्रपट पुरा केला. काचेचे थर एकावर एक ठेवून, खालून उजेड देऊन, वरच्या कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपायची. जवळचं झाड आणि दूरचा डोंगर वेगवेगळ्या थरांवर ठेवले की चित्राला खोली येते. हीच कल्पना डिस्नेच्या स्टुडिओने पुढे भल्यामोठ्या यंत्राच्या रूपात वापरली.

१९३४ मध्ये डिस्नेने आपल्या चित्रकारांना हिमगौरीची गोष्ट स्वतः सगळी सोंगं काढून सांगितली. खर्चाचा पहिला अंदाज अडीच लाख डॉलरचा होता. आकडा पंधरा लाखांजवळ गेला. सात-आठ मिनिटांच्या कार्टूनला हसणारा माणूस दीड तास चितारलेल्या मुलीसाठी रडेल का, ही खरी शंका होती. हॉलिवुडात लोक या खटाटोपाला 'डिस्नेचा मूर्खपणा' म्हणू लागले. २१ डिसेंबर १९३७ ला लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात पहिला खेळ झाला आणि ती शंका फिटली. पुढे विशेष ऑस्करही मिळालं: एक मोठी बाहुली आणि तिच्याशेजारी सात छोट्या.

बदल कुठे केले ते पाहा. पुस्तकात राणी तीनदा मारायला येते: आधी चोळीची नाडी आवळून, मग विषारी फणी घेऊन, मग सफरचंद घेऊन. पडद्यावर सफरचंद तेवढं उरलं. पुस्तकाच्या शेवटी राणीला लग्नाला बोलावून, निखाऱ्यांत तापवलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवतात. चित्रपटात वीज कोसळते, कडा तुटतो. नवरीचे हात कोरडे राहतात. चुंबन 'झोपलेल्या राजकन्ये'कडून उसनं आणलं. इतकं सगळं सौम्य करूनही ब्रिटनच्या सेन्सॉरने सोबत मोठं माणूस असल्याशिवाय मुलांना सोडू नका, असं प्रमाणपत्र दिलं. कारण ते घाबरवणारं जंगल.

१९५० च्या 'सिंड्रेला'त तर निवडीचाच प्रश्न होता. ग्रिमकडच्या बहिणी बुटात पाय बसावा म्हणून अंगठा आणि टाच कापून घेतात. स्टुडिओने ती वाट सोडली आणि फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ सालच्या गोष्टीतली भोपळ्याची बग्गी, काचेचा बूट घेतला. डॅनिश लेखक अँडरसनच्या जलपरीला मात्र असा दुसरा मायाळू पाठ मिळणार नव्हता. १८३७ च्या कथेत ती राजपुत्राला गमावते. १९८९ च्या चित्रपटात तिचं लग्न लावून दिलं.

माझ्या मते खरा फरक या बदलांमध्ये नाही. बदल तर सगळ्यांनीच केले. फरक पडला तो चित्रपटानंतर बदल थांबण्यात. ग्रिमची गोष्ट आजही कोणीही घ्यावी, पण चित्रपटातली बुटक्यांची नावं, तो झगा, ती फीत घेतली की वकिलाची नोटीस येते. अमेरिकी कायद्यानुसार १९३७ च्या चित्रपटाचे हक्क १ जानेवारी २०३३ ला खुले होतात.