उणे 20 अंशांत, नदीच्या पाण्यात झोप

जपानच्या पूर्व होक्काइदोत त्सुरुई गावाजवळ सेत्सुरी नदीवर ओतोवा नावाचा पूल आहे. जानेवारी-फेब्रुवारीत उजाडायच्या आधीच तिथे कॅमेरे लावून माणसं उभी असतात. पारा कधीकधी उणे 20 अंशांपर्यंत उतरलेला. नदीवरची वाफ काठच्या झाडांवर गोठते, फांदी न् फांदी पांढरी होते आणि त्या वाफेआड पाण्यात उभ्या उभ्या झोपलेले क्रौंच दिसतात. पांढरं अंग, काळी मान, माथ्यावर लाल ठिपका. तो ठिपका पिसांचा नाही, उघड्या कातडीचा आहे. गोंदियाच्या धानशेतीतल्या सारसाचे हे भाऊबंद.

एवढ्या गारठ्यात पाण्यात कशाला उभं राहायचं? कारण तिथली सर्वांत उबदार जागा तीच. नदीला जमिनीखालच्या झऱ्यांचं पाणी मिळतं, त्यामुळे ती गोठत नाही. तिचं पाणी शून्याच्या वरच राहतं. शिवाय कोल्हा तिथवर सहजी पोचत नाही. पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा फार वेगाने ओढून घेतं. त्यावरचा क्रौंचांचा तोडगा मला विलक्षण वाटतो: ते पायच थंड ठेवतात. पायाकडे जाणाऱ्या गरम रक्ताच्या धमन्या आणि वर येणाऱ्या थंड रक्ताच्या शिरा एकमेकींना खेटून असतात. खाली जाणारं रक्त आपली उष्णता वाटेतच वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. पाय जेमतेम गोठणार नाहीत इतकेच उबदार राहतात आणि अंगातली ऊब अंगातच राहते. पायाच्या खालच्या भागात बहुतांशी हाडं आणि स्नायुबंध असल्यामुळे त्यांचं तेवढ्यावर भागतं. झोपताना एकाच पायावर उभं राहायचं, दुसरा पाय पोटाच्या पिसांत.

थंडीला पुरून उरलेला हा पक्षी माणसापुढे मात्र हरला होता. शिकारीमुळे आणि पाणथळ जागा बुजवल्यामुळे तो जपानातून नामशेष झाला, असंच मानलं जात होतं. 1924 साली कुशिरोच्या दलदलीत मोजकेच पक्षी सापडले. 1952 च्या गणतीत ते होते 33. त्या सुमारास हिवाळ्यातल्या उपासमारीत गावकऱ्यांनी त्यांना मका घालायला सुरुवात केली आणि आज संख्या हजाराच्या बरीच पुढे गेली आहे.

बरेच प्रवासी इथून किनाऱ्यावरच्या रावसू गावाला जातात, समुद्रावर तरंगत आलेल्या बर्फावरचे स्टेलर समुद्रगरुड बघायला. गरुड बघावेतच, पण मी क्रौंचांना जास्त वेळ देईन. पुलावरूनच बघावं, नदीपात्राकडे उतरू नये. दचकून उडालेल्या पक्ष्याची ऊब वाया जाते.

मक्याने जीव वाचले, पण त्याच मक्यासाठी शेकडो पक्षी मोजक्या जागी गोळा होऊ लागले. अशा गर्दीत रोगाची एकच साथ सगळ्यांचा घात करायला पुरे. म्हणून पर्यावरण मंत्रालय दाणे टप्प्याटप्प्याने कमी करत आहे, पक्ष्यांनी पांगावं म्हणून. काही पांगलेही. 2020 साली साप्पोरोजवळच्या नागानुमात एका जोडीचं पिल्लू जन्मलं, पुराचं पाणी साठवण्यासाठी माणसांनी राखलेल्या पाणथळीत.