चिंचेरो

चिंचेरो हा पेरू देशाच्या कुस्को विभागातील उरुबाम्बा प्रांताचा एक ग्रामीण जिल्हा आहे. पेरूतील जिल्हा आपल्या तालुक्याहूनही लहान असू शकतो. त्याचे मुख्य गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७६० मीटर उंचीवरील पठारावर वसले असून बहुतेक रहिवाशांची मातृभाषा केचुआ आहे. स्पॅनिशही सर्रास बोलली जाते.

पंधराव्या शतकात इंका सम्राट तुपाक युपांकी याने येथे आपला वाडा व मळे उभारले. स्पॅनिशांनी त्याच वाड्याच्या पायावर सतराव्या शतकाच्या आरंभी चर्च बांधले, त्यामुळे खाली घट्ट बसवलेले इंका घडीव दगड आणि वर चुन्याने रंगवलेल्या मातीच्या भिंती, असे दोन काळ येथे एकावर एक उभे दिसतात. चर्चच्या दर्शनी भागावर प्यूमा सर्पावर मात करतानाचे चित्र आहे. केचुआत सर्पाला ‘आमारू’ म्हणतात, आणि येथील सरदार मातेओ पुमाकावा १७८०-८१ मध्ये तुपाक आमारू या बंडखोर नेत्याविरुद्ध स्पॅनिश राजसत्तेच्या बाजूने लढला होता, हे माहीत असले की चित्राचा रोख कळतो. पुढे १८१४ मध्ये पुमाकावा स्वतःच बंडात उतरला आणि १८१५ मध्ये त्याला देहदंड झाला. भिंतीवरचे चित्र मात्र तसेच राहिले.

शेतीत बटाटा प्रमुख असून कामे सावडीने होतात. या देवाणघेवाणीला ‘आइनी’ म्हणतात. कडू जातीचे बटाटे हिवाळ्यातील रात्रींच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवून ‘चुन्यो’ करतात, आणि तो वर्षानुवर्षे टिकतो.

चिंचेरोची खरी ओळख विणकाम हीच म्हणावी लागेल. विणकर बाई मागाचे एक टोक खुंटाला व दुसरे स्वतःच्या कमरेला बांधून जमिनीवर बसते आणि ताण अंगानेच राखते. लोकर फेस देणाऱ्या कंदाने धुतली जाते. निवडुंगावरील कोचिनील किडे वाटून लाल रंग काढतात, आणि त्यात लिंबू पिळले की छटा बदलते. ‘पायाय’ म्हणजे ताण्याचे धागे बोटांनी उचलून काढलेली नक्षी. ती कागदावर आखलेली नसते, मुली ती आईशेजारी बसून शिकतात.

याच पठारावर सध्या आंतरराष्ट्रीय विमानतळ उभारला जात आहे. त्यासाठी ग्रामसमुदायांच्या जमिनी घेण्यात आल्या. रोजगाराच्या आशेने अनेकांनी प्रकल्पाचे स्वागत केले, तर पुरातत्त्वज्ञांनी इंका अवशेषांविषयी आणि कुस्कोला पाणी पुरवणाऱ्या पियुराय सरोवराविषयी चिंता व्यक्त केली आहे.