सांता कॅटालिनाच्या वाटा कुणी पाडल्या?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात टूसॉन शहराच्या उत्तरेला सांता कॅटालिना ही डोंगररांग उभी आहे. शहर वाळवंटात, समुद्रसपाटीपासून साधारण ७३० मीटरवर. रांगेचं सर्वात उंच टोक, माउंट लेमन, २,७९१ मीटरवर. पायथ्याशी माणसाच्या कितीतरी पट उंच सग्वारो निवडुंग, मग गवत आणि ओक, त्यावर पाइन आणि उत्तरेच्या सावलीतल्या उतारांवर फरची दाट झाडी. हिवाळ्यात माथ्यावर बर्फ पडतं आणि लोक तिथे स्कीइंग करतात. एका दिवसात हे सगळे टप्पे पायी ओलांडता येतात म्हणून जगभरचे भटके इथे येतात. पण हौसेने भटकणाऱ्यांसाठी म्हणून आखलेल्या वाटा इथे कमीच. बाकीच्या वाटा पाण्याने, तांब्याने, फौजेने आणि एका तुरुंगाने पाडल्या.

सर्वात जुना भाग पाण्याचा. रांगेच्या पश्चिम पायथ्याला, आजच्या कॅटालिना स्टेट पार्कमध्ये, होहोकाम या प्राचीन आदिवासी लोकांच्या वस्तीचे अवशेष आहेत. तिथे त्यांचं चेंडूचं मैदानही सापडलं. ही वस्ती इसवी सन ५०० च्या सुमारास सुरू झाली आणि जवळजवळ हजार वर्षं टिकली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस्को रोमेरो या पशुपालकाने त्याच पडक्या भिंतींचे दगड उचलून आपला वाडा बांधला, आणि जागेला त्याचं नाव चिकटलं. बांधणारे हजार वर्षं राहिले आणि नाव मिळालं दगड उचलणाऱ्याला! तिथून घळीतल्या डोहांकडे आणि पुढे रोमेरो खिंडीकडे चढणारी वाट आज रांगेतल्या सर्वाधिक वर्दळीच्या वाटांपैकी आहे. या भागातले तोहोनो ओओधम आदिवासी या डोंगराला बेडकाचा डोंगर म्हणतात. घाटरस्त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातली एक पायवाट तेच नाव, ‘बाबाद दोआग’, वागवते.

मग फौज आली. टूसॉनच्या बाहेरचा फोर्ट लोवेल हा लष्करी तळ १८७३ ते १८९१ या काळात चालू होता. सैनिक उन्हाळ्यात डोंगरावर मुक्काम हलवत. सोल्जर कॅम्प, सोल्जर ट्रेल ही नावं तेव्हाची. उत्तरेकडच्या ओरॅकल गावाच्या बाजूने खाणवाले चढले आणि त्यांनी धारेवर तांबं शोधलं. ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या बफेलो बिल कोडीनेही ओरॅकलजवळच्या खाणीत उतारवयात पैसा ओतला आणि बराचसा गमावला. खाणींनी श्रीमंती फारशी दिली नाही, वाटा मात्र दिल्या.

शिखराला ज्यांचं नाव आहे त्या सारा प्लमर लेमन वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. १८८० च्या अखेरीस त्यांनी जॉन गिल लेमन यांच्याशी लग्न केलं आणि १८८१ मध्ये हे जोडपं मधुचंद्र म्हणून वनस्पती गोळा करायला टूसॉनला पोहोचलं. जॉन अमेरिकी यादवी युद्धातल्या अँडरसनव्हिलच्या कैदेतून बचावलेले, तब्येतीने कायमचे खचलेले. दक्षिण बाजूच्या उभ्या, काटेरी कड्यांनी दोघांना पुन्हा पुन्हा परतवलं. शेवटी त्यांनी डोंगराला वळसा घातला आणि ओरॅकलच्या बाजूच्या इमर्सन स्ट्रॅटन या पशुपालकाला वाटाड्या म्हणून घेतलं. त्याच्याबरोबर ते माथ्यावर पोहोचले आणि शिखराला साराबाईंचं नाव मिळालं. त्या काळी शिखरांना नावं द्यायची ती सेनापतींची किंवा खाणमालकांची, तेव्हा हे नवलच. दक्षिण ॲरिझोनातल्या डोंगरांत फुलणाऱ्या एका पिवळ्या फुलाच्या शास्त्रीय नावातही लेमन आहेत: टॅजेटिस लेमोनी. आपल्या दसऱ्याच्या झेंडूची ही सख्खी बहीण, दोघी एकाच टॅजेटिस वंशातल्या.

पुढे फॉरेस्ट श्रेव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने याच उतारांवर वर्षानुवर्षं चढउतार करून उंची, ओलावा आणि थंडी यांचा झाडांशी हिशेब मांडला आणि १९१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. वाळवंटी डोंगरावरच्या वनस्पतींचा इतका बारीक अभ्यास त्याआधी क्वचितच झाला होता.

सरकारची पावलं १९०२ मध्ये पडली. रांग राखीव जंगल झाली आणि १९०८ मध्ये कोरोनाडो राष्ट्रीय वनात सामील झाली. वनरक्षकांना खेचरांवरून फिरायला आणि वणव्यावर पोहोचायला वाटा हव्या होत्या. कड्याच्या टोकावरची लेमन रॉक ही टेहळणीची खोली १९२८ ची. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनी मुक्कामाच्या जागा बांधल्या, पायवाटा नीट केल्या. त्याच काळात साबिनो घळीत रस्ता आणि नऊ पूल झाले. घळीच्या वरच्या अंगाला मोठं धरण बांधायचा बेत होता. स्थानिक वाट्याचे पैसे उभे राहिले नाहीत आणि धरण बारगळलं. माझ्या मते टूसॉनवर दारिद्र्याने केलेला हा मोठाच उपकार! आज त्या घळीतून खाजगी गाडी जात नाही, लोक चालतात किंवा सरकारी परवान्याच्या गाडीत बसतात.

मोटारीने वर जायची पहिली सोय १९२० ची, ओरॅकलकडून. रस्ता एकेरी होता, म्हणून वर जायच्या आणि खाली यायच्या वेळा ठरलेल्या असत. टूसॉनमधून थेट वर चढणारा रस्ता १९३३ मध्ये सुरू झाला. माजी पोस्टमास्टर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी त्यासाठी तुरुंगातले कैदी कामाला लावायचा मार्ग काढला. खडक फोडत तो पुरा व्हायला १९५० चं साल उजाडलं. कैद्यांची छावणी डोंगरातच होती, आणि तिला कुंपण नव्हतं. रंगवलेले दगड हीच हद्द. दुसऱ्या महायुद्धात तिथे युद्धाला नकार देणारे धार्मिक लोक, होपी आदिवासी आणि सक्तीची भरती नाकारणारे जपानी वंशाचे अमेरिकन तरुण होते.

छावणीतला आणखी एक कैदी म्हणजे गॉर्डन हिराबायाशी हा जपानी वंशाचा विद्यार्थी. जपानी वंशाच्या लोकांवरची संचारबंदी त्याने मोडली आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. शिक्षा भोगायला छावणीत न्यायचा खर्च सरकार देईना, तेव्हा हा गडी वाटेत लोकांच्या गाड्या थांबवत स्वतःच टूसॉनला येऊन हजर झाला. तिथल्या अधिकाऱ्याला त्याचे कागद सापडेनात. तो म्हणाला, संध्याकाळी या, तोवर सिनेमा बघा. १९८७ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली. छावणी १९७३ मध्ये बंद पडली आणि १९९९ मध्ये त्या जागेला हिराबायाशी यांचंच नाव देण्यात आलं. आता तिथे तंबू लागतात. कैद्यांना पाणी मिळावं म्हणून बांधलेल्या सिकामोर तलावाकडे जाणारी वाट आज ॲरिझोना ट्रेलचा भाग आहे.

ही ॲरिझोना ट्रेल म्हणजे मेक्सिकोच्या सीमेपासून यूटापर्यंतची सुमारे ८०० मैलांची वाट. डेल श्यूवॉल्टर नावाच्या शिक्षकाने १९८५ मध्ये राज्य पायी ओलांडून तिची कल्पना मांडली. २००९ मध्ये तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला, २०११ मध्ये शेवटचा तुकडा जोडला गेला. कॅटालिनात नव्याने फार काही खणावं लागलं नाही. कैद्यांची, खेचरांची आणि खाणवाल्यांची वाट एकमेकींना जोडली की काम झालं.

मात्र गेल्या वीसेक वर्षांत वाटांचं भवितव्य वणवे ठरवत आहेत. जून महिना तिथे कोरडा ठणठणीत, जुलैत त्यांचाही मॉन्सून येतो. २००३ चा ॲस्पन वणवा माणसाच्या हातून लागला. त्यात ८४,७५० एकर जळाले आणि माथ्यावरच्या समरहेवन गावातल्या तीनशेहून अधिक इमारती गेल्या. ५ जून २०२० ला वीज पडून लागलेला बिगहॉर्न वणवा जवळपास १ लाख २० हजार एकरांवर पसरला. वणव्यामागून पाऊस येतो, उघडी पडलेली माती ओढ्यांत उतरते आणि वाट वाहून जाते. राहिली तर तिच्यावर जळके ओंडके आडवे पडतात आणि काटेरी झुडपं माजतात. रांगेच्या दक्षिण अंगाचा पुश रिज हा मोठा भाग १९७८ पासून ‘विल्डरनेस’ म्हणून संरक्षित आहे. तिथे सायकल चालत नाही आणि सहसा यांत्रिक करवतही नाही. त्यामुळे तिथले ओंडके स्वयंसेवकांची पथकं दोघांनी ओढायच्या करवतीने कापतात.

वणव्याचा एक फायदाही आहे. इथले मोठ्या शिंगांचे रानमेंढे नव्वदीच्या दशकात नाहीसे झाले. त्यांना उघडे, खडकाळ उतार लागतात. अनेक दशकं आग विझवत राहिल्याने तिथे झाडोरा वाढला आणि पहाडी सिंहांना दबा धरायला आडोसा मिळाला. वणवे तो झाडोरा हटवून उतार पुन्हा उघडे करतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये ३१ मेंढे आणून सोडले. त्यांच्यासाठी पुश रिजच्या ठरावीक भागात कुत्र्यांना बारमाही बंदी आहे आणि जानेवारी ते एप्रिल या पिल्लांच्या हंगामात वाटेपासून चारशे फुटांपलीकडे कुणी जायचं नसतं.